प्रिंटर ऑफलाइन, आणि राऊटरच्या खोक्यावरचा हर्ट्झ

परीक्षेचं हॉल तिकीट काढायचंय, सकाळी सातला निघायचंय, आणि मोबाईलवर प्रिंटरच्या नावाखाली ऑफलाइन असं करड्या अक्षरात येतंय. प्रिंटर समोर टेबलावर आहे, त्याचा दिवा चालू आहे, काल त्याच फोनवरून सातबाराची प्रत निघाली होती. तरी आज ऑफलाइन. साताऱ्याच्या पेठांमधली जुनी दगडी घरं असोत किंवा सांगलीच्या गावभागातले हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचे वाडे, वायरलेस प्रिंटर घेतलेल्या घरांत हा अनुभव नवा नाही.

अशा वेळी राऊटर उलटा करून त्याच्या मागचं लेबल वाचलं तर तिथे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असं लिहिलेलं दिसतं. त्यातला हर्ट्झ हा एक माणूस होता. तो जेमतेम ३६ वर्षं जगला. तुमचा प्रिंटर ज्या कारणांनी गायब होतो त्यातली निम्मी कारणं त्याने १८८८ साली एका कॉलेजच्या हॉलमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणून आज नेहमीसारखी स्क्रीनशॉटची मालिका न देता त्याची गोष्ट सांगतो. सेटिंग्जही येतील, पण ओघात.

कातारी होऊ शकला असता

हाइनरिख हर्ट्झचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरातला. वडील वकील, पुढे शहराचे सिनेटर झाले. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, पण आधीच ख्रिस्ती झालेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पोरगा अभ्यासात हुशार होताच, पण त्याचं मन हत्यारांत रमायचं. घरी सुतारकामाचं टेबल होतं, पुढे लेथ आला. लाकूड कातायला तो एका कारागिराकडे रीतसर शिकला. हर्ट्झ प्रोफेसर झाल्याचं या कारागिराला कळलं तेव्हा त्याला म्हणे वाईटच वाटलं, एक उत्तम कातारी वाया गेला म्हणून. दुसरीकडे हाच मुलगा हौसेने अरबीही शिकत होता.

शाळा संपल्यावर त्याने इंजिनिअरिंगची वाट धरली. आपल्याकडे बारावीनंतर धरतात तशीच, फार विचार न करता. फ्रँकफर्टला बांधकामाचा अनुभव घेतला, ड्रेस्डेनच्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस काढले, मग एक वर्ष लष्करी सेवा, तीही रेल्वेच्या पलटणीत. १८७७ मध्ये म्युनिकला इंजिनिअरिंगसाठी पोचला आणि तिथे त्याला स्वतःशी कबूल करावं लागलं की आपल्याला पूल बांधायचे नाहीत, निसर्ग कसा चालतो ते शोधायचंय. त्याने वडिलांना पत्र लिहून परवानगी मागितली आणि वडिलांनी ती दिली. वीस वर्षांच्या मुलाने हमखास नोकरीची वाट सोडून भौतिकशास्त्र घ्यायचं, हे तेव्हाही घरात सहज पचणारं नव्हतं.

पुढच्याच वर्षी तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे गेला. हेल्महोल्ट्झ म्हणजे त्या काळच्या जर्मन विज्ञानातलं सगळ्यात वजनदार नाव. त्यांनी या मुलाची नजर ओळखली. विद्यापीठाच्या एका स्पर्धेत हर्ट्झने सुवर्णपदक मिळवल्यावर त्यांनी त्याच्यापुढे एक मोठा प्रश्न ठेवला. स्कॉटलंडचे मॅक्सवेल यांनी कागदावर मांडलं होतं की विजेचे आणि चुंबकाचे परिणाम प्रकाशाच्या वेगाने लहरींसारखे पसरत असले पाहिजेत. हे प्रयोगाने तपासायचं होतं आणि बर्लिनच्या अकादमीने त्यासाठी १८७९ मध्ये बक्षीसही लावलं होतं. हर्ट्झने विचार केला, आकडेमोड केली आणि नाही म्हणाला. हातातल्या उपकरणांनी हे दिसणार नाही असं त्याचं उत्तर होतं. मला हा नकार आवडतो. त्याने प्रश्न टाकून दिला नाही, बाजूला ठेवला.

१८८० मध्ये डॉक्टरेट झाली. त्यानंतर त्याने दोन काचेची भिंगं एकमेकांवर दाबली तर स्पर्शाच्या जागी नेमकं काय होतं याचं गणित मांडलं. वय २४. मिरज जंक्शनला गाडीचं चाक रुळावर टेकतं तिथे किती दाब येतो, किंवा बेअरिंगमधली गोळी किती दबते, हे काढायला आजही मेकॅनिकलचे विद्यार्थी हर्ट्झचीच सूत्रं वापरतात. ते काम एवढंच केलं असतं तरी त्याचं नाव पुस्तकात राहिलं असतं.

मग दोन वर्षं कील नावाच्या गावात गेली. तिथे नीट प्रयोगशाळाच नव्हती, त्यामुळे तो वही घेऊन मॅक्सवेलची समीकरणं उलगडत बसला. १८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तांत्रिक महाविद्यालयात प्रोफेसरची जागा मिळाली आणि तिथे उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळा होती. पुढच्या वर्षी एलिझाबेथ डोल हिच्याशी लग्न झालं, ती तिथल्याच एका सहकाऱ्याची मुलगी.

अंधारात दिसणारी ठिणगी

१८८६ च्या शरद ऋतूत वर्गात दाखवायच्या जुन्या उपकरणांशी खेळताना त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तारेच्या एका वेटोळ्यात ठिणगी पाडली की बाजूच्या दुसऱ्या वेटोळ्याच्या फटीतही बारीक ठिणगी उडायची. दोघांना जोडणारी तार नव्हती. सात वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला प्रश्न त्याला आठवला.

त्याने जे यंत्र बांधलं ते आजच्या भाषेत पहिला राऊटर आणि पहिला प्रिंटर म्हणायला हरकत नाही. पाठवणारी बाजू म्हणजे सुमारे तीन मीटर तांब्याची तार, दोन्ही टोकांना ३० सेंटीमीटरचे जस्ताचे गोळे, आणि मध्ये काही मिलिमीटरची फट. एका कॉइलमधून जबरदस्त व्होल्टेज दिलं की फटीत कडकड ठिणग्या पडायच्या. घेणारी बाजू तर आणखी साधी. तारेचं एक कडं आणि त्यात स्क्रूने कमीजास्त करता येणारी बारीक फट. बॅटरी नाही, काही नाही. लहर आली तर त्या फटीत ठिणगी दिसणार, आणि ती ठिणगी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची. खोली अंधार करून, डोळे सरावेपर्यंत थांबून, वाकून बघत बसायचं. आपल्याला सिग्नलच्या दांड्या दिसतात, त्याला ही ठिणगी दिसायची किंवा दिसायची नाही.

ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने एकदा घेणाऱ्या कड्याभोवती अंधारा डबा बसवला. झालं उलटंच, ठिणगी आणखी छोटी झाली. दुसरा कोणी असता तर डबा काढून पुढे गेला असता. हर्ट्झ काही महिने त्यातच अडकला. डब्याची एकेक बाजू काढली, आणि कळलं की पाठवणाऱ्या ठिणगीच्या दिशेची बाजूच फरक पाडते. मग त्या जागी एकेक पदार्थ धरून पाहिला. धातू धरला की ठिणगी छोटी, लाकूड धरलं तरी छोटी, काच धरली तरी छोटी. पण क्वार्ट्झचा स्फटिक धरला की पुन्हा मोठी. साधी काच अतिनील प्रकाश अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणजे पहिल्या ठिणगीचा न दिसणारा अतिनील प्रकाश दुसऱ्या फटीवर पडून तिथे ठिणगी पडणं सोपं करत होता. विजेच्या लहरीशी याचा संबंधच नव्हता. दोन वेगळी कारणं एकाच ठिणगीत मिसळली होती. त्याने ती सोडवली, १८८७ मध्ये जे दिसलं ते छापलं, स्पष्टीकरणाचा दावा केला नाही आणि मूळ कामाकडे वळला. याच परिणामाचं स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दिलं आणि त्याचं नोबेल त्याच कामासाठी होतं.

आता जरा आपल्या प्रिंटरकडे या, कारण इथेही दोन वेगळी कारणं एकाच शब्दात मिसळलेली असतात. ऑफलाइन म्हणजे एकतर लहर पोचत नाही, किंवा लहर पोचतेय पण फोन किंवा लॅपटॉप चुकीच्या पत्त्यावर हाक मारतोय. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ हे वेगळं न करताच ड्रायव्हर काढा, पुन्हा टाका असं सांगतात, आणि कधीकधी ते चालतंसुद्धा, पण चार दिवसांनी पुन्हा तेच.

वेगळं करायची युक्ती अशी. प्रिंटरच्या मेनूतून किंवा त्याचं वाय-फायचं बटण दाबून धरून नेटवर्कची माहिती देणारा कागद छापा (कुठलं बटण ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं). त्यावर आयपी पत्ता असतो, १९२.१६८ ने सुरू होणारा. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. फोन त्याच वाय-फायवर हवा आणि मोबाईल डेटा बंद हवा. प्रिंटरचं पान उघडलं तर लहरीचा दोष नाही, दोष पत्त्याचा आहे. पान उघडलं नाही तर बहुतेक लहर किंवा राऊटर. आणि कागदावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक तात्पुरता घेऊन ठेवलाय.

पत्त्याचा घोळ आपल्याकडे का वाढतो याचं उत्तर विजेच्या येण्याजाण्यात आहे. राऊटर प्रत्येक उपकरणाला पत्ता काही काळापुरता भाड्याने देतो. लाईट गेली, आली, की राऊटर नव्याने वाटप सुरू करतो. काल प्रिंटरला पाच नंबर होता, आज तो टीव्हीला गेला आणि प्रिंटरला नऊ मिळाला. विंडोज मात्र अजून पाच नंबरच्या दारावर टकटक करत बसतं आणि शेवटी ऑफलाइन लिहून मोकळं होतं. कायमचा इलाज म्हणजे राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणं. डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन या नावाने तो पर्याय असतो. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी जोडायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटर पुन्हा जोडताना यादीतून न निवडता त्या आयपीने जोडायचा. विंडोजवर आणखी एक जागा बघा, प्रिंटरच्या पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटस चालू असतं. कधीकधी प्रिंटर ठणठणीत असतो, पण त्या चौकशीला नीट उत्तर देत नाही आणि विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं. ती खूण काढली की काम होतं.

फोनवरून छापणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं. फोन प्रिंटरला पत्त्याने शोधत नाही, घरभर हाळी देतो की इथे कोणी प्रिंटर आहे का. फोन पाहुण्यांच्या गेस्ट नेटवर्कवर असेल तर ती हाळी प्रिंटरपर्यंत जातच नाही. काही राऊटरांत उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं आयसोलेशन चालू असतं, त्यानेही हेच होतं.

हॉलमधल्या मेलेल्या जागा

पत्ता बरोबर असूनही प्रिंटर सापडत नसेल तर मग कार्ल्सरूहच्या हॉलमध्ये परत जावं लागतं.

१८८७ संपून १८८८ सुरू होताना हर्ट्झला नुसतं ठिणगी उडते एवढं दाखवायचं नव्हतं. हवेतून जातंय ती खरंच लहर आहे हे सिद्ध करायचं होतं. त्याने सुमारे १५ मीटर लांबीचा लेक्चर हॉल घेतला, आडवी येणारी गॅसची झुंबरं काढून टाकली आणि समोरच्या भिंतीवर चार मीटर उंच, दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला. पाठवलेली लहर पत्र्यावर आपटून परत येणार आणि येणाऱ्या लहरीत मिसळणार.

सांगलीच्या घाटावर उभं राहून पाहिलं असेल तर हे समजायला सोपं जाईल. होडी गेली की लाट पायऱ्यांवर आपटते, परत फिरते, आणि मागून येणाऱ्या लाटेला भेटते. काही ठिकाणी पाणी दुप्पट उसळतं, काही ठिकाणी दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि पाणी जवळजवळ गप्प राहतं. हर्ट्झ आपलं कडं हातात घेऊन हॉलभर फिरला. एका जागी ठिणगी जोरात, थोडं पुढे गेलं की बारीक, आणखी पुढे गेलं की गायब, मग पुन्हा जोरात. या गायब होणाऱ्या जागांना आपण निस्पंद बिंदू म्हणतो. त्यांच्यामधलं अंतर मोजलं की दुप्पट करून तरंगलांबी मिळते. त्याच्या लहरीची ती नऊ-दहा मीटर निघाली.

आता आकडे बदला. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी हेलकावे, आणि अशा लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. निस्पंद बिंदूंमधलं अंतर ढोबळमानाने सहा सेंटीमीटर. घरात पत्र्याऐवजी लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, पत्र्याचं छप्पर, स्टीलची मांडणी, स्लॅबमधल्या सळ्या असतात. प्रत्येकावरून लहर परत फिरते. त्यामुळे खोलीभर चांगल्या आणि मेलेल्या जागांची बारीक नक्षी तयार होते, आणि कोणी दार उघडलं किंवा कपाट सरकवलं की ती नक्षी बदलते.

फोनला हे जाणवत नाही. तो तुमच्या हातात असतो, हात हलला की तो दोन-चार सेंटीमीटर सरकतोच, शिवाय चांगल्या फोनमध्ये एकापेक्षा जास्त अँटेना असतात. प्रिंटर जिथे ठेवला तिथे वर्षभर बसून राहतो. त्याची अँटेना छोटी, साधी. तो मेलेल्या जागी बसला तर बसलाच. इथे फोनला तर फुल रेंज आहे ही तक्रार खरी असते आणि तिचा उपयोग नसतो. म्हणून राऊटर बदलण्याआधी, एक्स्टेंडर घेण्याआधी, प्रिंटर हातभर सरकवून बघा. फुकट आहे. कपाटाला चिकटवून ठेवला असेल तर आधी तिथून काढा. मला विचाराल तर लोखंडी कपाटावर ठेवलेला प्रिंटर ही सगळ्यात वाईट जागा, कारण तिथे परत फिरणारी लहर अगदी पोटाखालीच असते.

हर्ट्झलाही खोलीने दगा दिला होता. त्याच्या मोजमापात तारेतून जाणारी लहर आणि हवेतून जाणारी लहर यांचे वेग वेगळे निघाले, खरं तर ते सारखे यायला हवे होते. त्याला ही विसंगती खुपत राहिली. १८९३ मध्ये जिनिव्हातल्या दोन शास्त्रज्ञांनी जास्त मोठ्या हॉलमध्ये मोठा पत्रा लावून तेच मोजलं आणि वेग सारखे आले. हॉलच्या भिंती आणि लोखंडी खांब मधे लुडबुड करत होते.

दाराआडची ठिणगी

१८८८ च्या शेवटी त्याने लहर लहान केली, ६६ सेंटीमीटरपर्यंत. जस्ताचे पत्रे पन्हळीसारखे वाकवून दोन मोठे आरसे केले, एक पाठवायला, एक घ्यायला. आता लहर टॉर्चच्या झोतासारखी एका दिशेने जायला लागली. मग त्याने प्रकाशाला जे जे जमतं ते सगळं या लहरीकडून करून घेतलं. सरळ जाते का, पाहिलं. पत्र्यावरून परावर्तित होते का, पाहिलं. वाकते का हे बघायला काचेचा लोलक कुठून आणणार एवढा मोठा, म्हणून डांबराचा लोलक ओतला, दीड मीटर उंच, सुमारे ६०० किलो वजनाचा. लहर वाकली.

त्यातला एक प्रयोग वाय-फाय वापरणाऱ्याने विसरू नये असा आहे. त्याने घेणारा आरसा शेजारच्या खोलीत ठेवला आणि मधलं लाकडी दार बंद केलं. बंद दारातून ठिणगी आली. या माणसाला गणित पाठ होतं, तरी ते पाहून त्याला आश्चर्य वाटलं, तसं त्याने नोंदवून ठेवलंय. माणूस मधे उभा राहिला किंवा पत्रा धरला की मात्र ठिणगी बंद.

लाकूड चालतं, धातू चालत नाही, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं अंगही लहर खातं. साताऱ्याच्या जुन्या घरातली दोन फुटी दगडी भिंत या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसते, पण तिच्यात ओल असेल तर पावसाळ्यात ती आणखी वाईट. लहर जितकी छोटी तितकी भिंत जड जाते. आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लागते, तिची लहर २४० मीटर लांब, ती घरंदारं ओलांडून शेतात पोचते. वाय-फायमधलं ५ गिगाहर्ट्झ साडेपाच-सहा सेंटीमीटरचं, ते वेगवान, पण एका जाड भिंतीत दमतं. घरगुती प्रिंटरपैकी बरेच फक्त २.४ वर चालतात, आणि भिंतीपलीकडच्या प्रिंटरसाठी ते बरंच आहे. राऊटरमध्ये २.४ बंद करून ठेवलेलं असेल तर असा प्रिंटर कधीच दिसणार नाही.

२.४ ची दुसरी अडचण गर्दी. शेजारच्या चार घरांचे राऊटर, ब्लूटूथ, आणि चालू असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. राऊटरमध्ये चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६ किंवा ११ यापैकी कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ऑटोवर असलेला राऊटर कधी १२-१३ वर जाऊन बसतो आणि काही प्रिंटरांना ते चॅनल ऐकूच येत नाहीत. प्रिंटर जुना असेल तर राऊटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का तेही बघा. अशा वेळी डब्ल्यूपीए२ चालणारा मिश्र पर्याय लागतो.

मोठ्ठा आरसा

डिसेंबर १८८८ मध्ये हे काम बर्लिनच्या अकादमीपुढे गेलं आणि हर्ट्झ युरोपभर गाजला. १८८९ मध्ये बॉनला मोठी जागा मिळाली, १८९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक.

बॉनला असताना एका इंजिनिअरने पत्र लिहून विचारलं की या लहरींवरून टेलिफोनचं बोलणं पाठवता येईल का. हर्ट्झने नाही असं उत्तर दिलं. टेलिफोनमधले हेलकावे फार सावकाश असतात, त्यांची लहर शेकडो किलोमीटर लांब होईल आणि तिला आरसा लावायचा तर तो खंडाएवढा लागेल, असा त्याचा मुद्दा होता. या उत्तरावरून इंटरनेटवर त्याची चेष्टा फिरत असते, आपल्या शोधाचा उपयोग त्यालाच कळला नाही म्हणून. गणित करून बघा, सेकंदाला १००० हेलकावे म्हणजे ३०० किलोमीटरची लहर. त्याचं गणित चोख होतं. वेगवान लहरीच्या पाठीवर सावकाश आवाज बसवून पाठवायचा ही कल्पना त्या प्रश्नात नव्हती आणि त्याच्या उत्तरातही नाही. आज तुमची पीडीएफ प्रिंटरकडे जाते ती अशीच, लहरीच्या पाठीवर बसून.

त्याला वेळ मिळाला असता तर तो तिथवर गेला असता का, सांगता येत नाही. १८९२ च्या उन्हाळ्यात सर्दीसारखं काहीतरी सुरू झालं ते बरंच होईना. नाक, जबडा, कान, एकामागून एक दुखणी. दात काढले, शस्त्रक्रिया झाल्या. तो पडून पडून यांत्रिकीवरचं एक पुस्तक पुरं करत होता. मोठी मुलगी योहाना सहा वर्षांची, धाकटी माटिल्ड तीन वर्षांचीही नव्हती, तेव्हा १ जानेवारी १८९४ ला तो गेला. रक्तात विषबाधा झाली होती. पुस्तक त्याच वर्षी छापून आलं, प्रस्तावना त्याच्या गुरूंनी, हेल्महोल्ट्झ यांनी लिहिली. सप्टेंबरमध्ये तेही गेले.

हर्ट्झवरचा मृत्युलेख इटलीत वीस वर्षांच्या मार्कोनीच्या वाचनात आला आणि त्याने या लहरींनी संदेश पाठवायचं मनावर घेतलं. इकडे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये भिंतींपलीकडून लहर पाठवून घंटा वाजवून दाखवली. त्यांनी तर लहर मिलिमीटरांत आणली होती.

नाव

सेकंदाला किती हेलकावे हे मोजायच्या एककाला हर्ट्झचं नाव १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने दिलं. त्याआधी सायकल म्हणायचे, जुन्या रेडिओच्या तबकडीवर किलोसायकल लिहिलेलं असायचं. १९६० मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ते नाव पक्कं केलं.

मधल्या काळात जर्मनीत नाझी आले. हर्ट्झ मरून जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, घराणं कधीच ख्रिस्ती झालं होतं, तरी वडिलांकडचं रक्त ज्यू होतं एवढं पुरलं. माटिल्ड तोवर प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारी नावाजलेली शास्त्रज्ञ झाली होती. तिचं काम थांबलं. ती इंग्लंडला गेली, मागोमाग आई आणि बहीणही. त्या केंब्रिजला राहिल्या. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. माटिल्ड १९७५ मध्ये केंब्रिजलाच वारली.

हॅम्बुर्गमध्ये १९६८ मध्ये टेलिव्हिजनचा २७९ मीटर उंच मनोरा उभा राहिला. त्याचं नाव हाइनरिख हर्ट्झ मनोरा आहे.